कॅबिनेटचा झगा

मावशीच्या शिवणवर्गाच्या पहिल्या तुकडीत बारा जणी होत्या. दोन महिन्यांनी पाच उरल्या. बाकीच्या सात जणी भांडून गेल्या नाहीत, तक्रार करून गेल्या नाहीत. एकेक करून पडद्यावरून नाहीशा झाल्या. वर्ग संगणकावरून चालायचा. मावशी मुंढ्याची गोलाई कापायला घ्यायची, कात्री उघडायची आणि त्या उघड्या कात्रीसकट पडद्यावर थिजायची. तिला स्वतःला ते कळत नसे. ती बोलत राही, कापत राही. चार मिनिटांनी कुणीतरी फोन करून सांगे, की बाई, आम्हाला मघापासून तुमची कात्री तेवढी दिसतेय.

चौतीस वर्षं ती एका नाट्यगृहाच्या कपडेपटात होती. राजांचे डगले, भिकाऱ्यांच्या चिंध्या, परीचे पंख, सगळं तिच्या हातून गेलेलं. आता तिच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेत. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त कात्री धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे शिवणकाम संपलं आणि शिकवणं राहिलं. दुसरी तुकडी जमली तेव्हा तिने मला फोन केला आणि अगदी शांतपणे सांगितलं, की याही वेळी असंच झालं तर ती वर्ग बंद करणार आणि कापणीचं टेबल विकून टाकणार. मावशी धमक्या देत नाही. ती शांतपणे बोलते तेव्हा मला भीती वाटते.

त्या टेबलाखाली मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काढल्या आहेत. तिची एक जुनी, टोकाला फाटलेली टेप मला खेळायला मिळाली होती, आणि मी त्या टेपने टेबलाचे पाय, काकांचे बूट, मांजराची शेपटी असं दिसेल ते मोजत बसायचे. तेव्हापासून मावशी मला मोजपट्टी म्हणते. पुढे मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता एका प्रयोगशाळेत तापमापक तपासते. दवाखान्यांतून, बेकऱ्यांतून, औषधांच्या गोदामांतून तापमापक आमच्याकडे येतात. मी ते ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात बुडवते आणि ते किती खोटं बोलतात ते कागदावर लिहून सही करते. मावशीच्या मते मला पगार मांजराची शेपटी मोजण्याचाच मिळतो, फक्त मांजर बदललंय.

संगणक नऊ वर्षांचा होता. काका बस चालवायचे; निवृत्त झाल्यावर बुद्धिबळ खेळायला म्हणून त्यांनी तो घेतला होता. मी त्याचं कॅबिनेट उघडलं तर आत पंख्यावर धाग्यांच्या कोंड्याची बोटभर जाड गादी बसलेली. मावशीने ती चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि त्यातले रंग ओळखायला लागली. हा जांभळा त्या म्हाताऱ्या सेनापतीचा. हा पिवळा दुसऱ्या अंकातल्या पडद्याचा. मी सगळं साफ केलं, पण त्याने भागणार नव्हतं. तिला एकाच वेळी दोन कॅमेरे चालवायचे होते, एक तिच्या चेहऱ्यावर आणि एक टेबलावर वरून, आणि एवढं ओझं त्या बिचाऱ्या प्रोसेसरच्या आवाक्यातलं नव्हतं.

मी तक्ता केला. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, पॉवर सप्लाय. प्रत्येकाचे तीन पर्याय, प्रत्येकापुढे किंमत आणि वेग. मावशीने तो चष्मा लावून पूर्ण वाचला, पेन्सिल घेतली आणि उजवीकडे स्वतःच्या हाताने आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं: दिसतं कसं.

मी म्हटलं, या पाचही वस्तू तर आत बंद असतात. ती म्हणाली, सहावी काय, ते तू लिहिलंच नाहीस. डबा.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती खोली केवढी, तर टेबल मावलं की माणसाने कडेने आडवं चालावं एवढी. संगणक ठेवायला एकच जागा होती, तिच्या पाठीमागचं फळकूट. कॅमेरा तिच्याकडे बघतो तेव्हा तिच्या डाव्या खांद्यावरून तोही दिसतो. आणि जुनं कॅबिनेट म्हणजे उन्हाने पिवळट पडलेला करडा पत्रा, वर काकांच्या चहाच्या कपाची चार वर्तुळं. मावशीने मला समजावून सांगितलं, की विद्यार्थिनी पहिल्या दिवशी कापडाकडे बघत नाहीत, बाईकडे बघतात. बाईची खोली कशी, बाईच्या बाहीची टीप कशी. त्या बाईच्या मागे असला डबा असला तर ती शिकवणार ते कपडेही असलेच असतील, असं कुणालाही वाटेल.

काका दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "मग मी कुठे उभा राहू तेही एकदा ठरवून टाका. कॅमेऱ्यात मीही येतो अधूनमधून."

"तुमच्यासाठी पडदा शिवतेय," मावशी म्हणाली.

सुट्या भागांचं दुकान एका तळघरात होतं. तिथले दुकानदार कपाळावर चष्मा चढवून ठेवत आणि तोच टेबलावर शोधत असत. बहुतेक गिऱ्हाईक खेळ खेळणाऱ्या पोरांचं, त्यामुळे भिंतभर काचेची कॅबिनेटं मांडलेली आणि सगळ्यांच्या पोटात रंगीत दिवे. मावशी एका पांढऱ्या कॅबिनेटसमोर उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. दोन बाजूंना काच, कोपरे गोलसर, आतून मऊ निळा उजेड. मलाही ते आवडलं, हे कबूल करायला हवं. किंमत विचारली तेव्हा आमच्या एकूण रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघाला.

मी हळूच सांगितलं, की हे घेतलं तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्यावा लागेल. अंथरूण तेवढंच आहे, पाय कुठला आखडायचा ते तू सांग. उरलेले पैसे मी भरते, असंही मी म्हणून पाहिलं. वर्गाचं सामान वर्गाच्या पैशातून, हे तिचं आधीच ठरलं होतं.

मग तिने दुकानदारांना कॅबिनेटची बाजू उघडायला लावली. पोरं आत दिवे बघतात. मावशीने आत हात घातला आणि पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा ती तयार कपड्याच्या आतल्या शिवणीवरून फिरवते. अंगठ्यावर बारीक पांढरा ओरखडा उठला. तिने पत्रा दोन बोटांनी दाबला, तो वाकला. पुढच्या काचेवर तळवा ठेवला आणि विचारलं, "भाऊ, पुढून सगळं बंद. हा श्वास कुठून घेतो?"

दुकानदारांनी चष्मा शोधायचं थांबवलं. खालच्या बाजूला बारीक फट असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की त्यांनी स्वतःच्या घरी हे नेलेलं नाही.

"दिसतं तसं नसतं," मावशी म्हणाली, आणि कॅबिनेटची बाजू स्वतःच नीट बसवून दिली.

त्यानंतर दुकानदार तिच्याशी बोलायला लागले, माझ्याशी नाही. मेमरी एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या, काम वाटून घेतात, असं त्यांनी सांगितलं. मावशीला दुपदरी दोऱ्याची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही. दिवे लावलेली मेमरीही होती, तीही तिने हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली, जरा जड मनाने. पॉवर सप्लायवर एवढे पैसे का, हे मात्र तिने मला विचारलं. तो दिसत नाही, आवाज करत नाही, वेग वाढवत नाही. मी म्हटलं, तो अस्तरासारखा आहे. तिने लगेच मान डोलावली. अस्तर स्वस्त घेतलं की वरचं कापड राजाचं का असेना, पहिल्या घामात कळतं.

अशा रीतीने चांगला प्रोसेसर आला, चांगली मेमरी आली, सगळं आतलं चांगलं आलं, आणि कॅबिनेट जुनंच राहिलं. त्याचा पत्रा जाड होता, कडा दुमडलेल्या होत्या, पुढून जाळी होती. शिवणीच्या हिशेबाने ते त्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, हे मावशीने स्वतःच मान्य केलं. पण परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली आणि तिच्या मांडीवरच्या खोक्यांना तिने एकदाही हात लावला नाही.

मी सगळं माझ्या घरी जोडलं. दोन्ही कॅमेरे लावून दोन तास चालवलं. तापमान एकसष्ट अंशांच्या वर गेलं नाही. सवयीप्रमाणे मी तारीख, वेळ आणि आकडे एका कागदावर लिहिले, खाली सही केली आणि कागद कॅबिनेटच्या आत चिकटवला. रविवारी संगणक नेऊन फळकुटावर ठेवला. मी मागच्या वायरी बांधत होते तेव्हा मावशी टेप घेऊन कॅबिनेटची उंची, रुंदी, खोली घेत होती. मला वाटलं, फळकुटावर आणखी काय मावेल ते बघतेय. मी विचारलं नाही.

पहिला वर्ग मंगळवारी होता. दुपारी साडेतीनला मला प्रयोगशाळेत काकांचा फोन आला. काका फोनवर मार्गफलक वाचल्यासारखं बोलतात. "अडकला. बेचाळिसाव्या मिनिटाला. ती कुणाशी बोलत नाहीये. तू ये."

मी गेले तेव्हा खोलीत कापडाचा तुकडाही नव्हता. टेबल पुसून कोरडं केलेलं, कात्र्या म्यानात. मावशी खुर्चीवर बसून अंगठे चोळत होती. आणि फळकुटावर, तिच्या मागे, एक अतिशय सुंदर वस्तू उभी होती.

गडद हिरव्या जाड कापडाचा, कापूस भरून चौकटी मारलेला, चारही बाजूंनी काटेकोर बसणारा झगा. कडांना मोतिया रंगाचा गोट. पुढे सुरू करायच्या बटणासाठी एक काज, हाताने भरलेलं, इतकं सारखं की मी भिंग लावलं असतं तरी टाक्यांत फरक सापडला नसता. मागे वायरींसाठी एक झडप आणि तिला तीन टिचबटणं. आतून अस्तर. रविवार रात्र आणि अख्खा सोमवार तिने यावर घालवला होता, डॉक्टरांचे दोन तास केव्हाच ओलांडून.

मी कापडावर हात ठेवला. संगणक बंद होऊन तीन तास झाले होते, तरी आत ऊब होती.

नोंदी उघडून पाहिल्या. सत्त्याण्णव अंश. तेवढ्यावर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच पावलं मंद करतो, आणि मग चित्र थिजतं.

"मावशी," मी म्हटलं, "याला ताप आला होता."

तिने झग्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मी काहीही समजावण्याआधी ती उठली आणि झगा वरून ओढून काढला, लहान मुलाचा काढावा तसा. मग घडी घालत बसली. कोंडा जाऊ नये म्हणून केला, असं ती म्हणाली. आतली ती गादी बघितल्यापासून डोक्यात होतं. आणि बरा दिसावा म्हणून. पहिल्या पाच मिनिटांत तीन मुलींनी विचारलं होतं, बाई, तुमच्या मागे ते काय आहे, किती छान आहे.

एकीने वर्ग संपल्यावर फी परत मिळेल का म्हणून विचारलं होतं. अगदी सभ्य शब्दांत. ते विचारणारी दवाखान्यातली नर्स होती, रात्रपाळी करून दुपारची झोप मोडून वर्गाला बसणारी. मावशीला त्याचंच जास्त लागलं होतं. तिने शुक्रवारचा वर्ग पुढे ढकलला होता आणि पुढच्या मंगळवारी नक्की सांगते, असं कळवलं होतं. काय नक्की सांगणार, ते तिने कळवलं नव्हतं.

"मीच मारलं त्याला," ती म्हणाली. "हाताने शिवून मारलं."

तेव्हा मला माझ्या सहीच्या कागदाची आठवण झाली. आमच्याकडे तापमापक आला की पहिला प्रश्न असतो, हा कुठे वापरणार, कशाजवळ, कोण वापरणार. त्याशिवाय आम्ही हात लावत नाही. इथे मी यंत्र माझ्या मोकळ्या, स्वच्छ, पंख्याखालच्या टेबलावर दोन तास तपासलं, एका शिवणबाईच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि तिच्या हातात टेप दिसत असताना विचारलं नाही, की माप कशाचं घेतेस. मी हे तिला सांगितलं. चूक झग्याची असलीच तर निम्मी. निम्मी माझी, आणि माझी जास्त, कारण मला पगारच त्याचा मिळतो.

तिने ऐकलं. समाधान झालं नाही, पण घडी घालायची थांबली.

काका चहा घेऊन आले आणि कप ठेवायला जागा शोधू लागले. सवयीने हात कॅबिनेटकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. मग आमच्या दोघींकडे बघून म्हणाले, की बसचं इंजिन पुढच्या जाळीतून हवा घेतं. हिवाळ्यात काही चालक जाळीवर पोतं बांधायचे. पोतं बांधायला हरकत नसते, पोतं कुठलं ते बघावं लागतं.

शिवणबाई आणि तापमापकवाली एकाच घरात असताना हे बसवाल्याने सांगावं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी वही आणि माझा बारीक वायरीचा तापमापक घेऊन गेले. मी मावशीला समजावलं, की या कॅबिनेटच्या दोन्ही बाजू आणि माथा तसाही बंद पत्राच आहे, तिथे तू रजई घाल नाहीतर मखमल. हवा नाकातून, म्हणजे पुढच्या जाळीतून, आत जाते, पाठीतून बाहेर पडते. पाठ पूर्ण उघडी हवी. प्रश्न उरतो नाकाचा. तिथे असं कापड हवं, जे हवा सोडेल आणि कोंडा अडवेल.

मावशीने चिंध्यांचं पोतं टेबलावर ओतलं आणि सात कापडं निवडली. मच्छरदाणीची जाळी, ऑर्गंडी, वायल, मलमल, पॉपलिन, क्रेप, आणि एक जाड, घट्ट विणलेलं लोकरीचं. प्रत्येक कापड कॅबिनेटच्या तोंडावर टाचून अर्धा तास चालवायचं, मागून निघणाऱ्या हवेचं तापमान घ्यायचं, थंड होऊ द्यायचं, पुढचं कापड. संगणक स्वतःचं तापमान स्वतः सांगतो, पण स्वतःबद्दल दिलेली साक्ष आमच्याकडे एकटी धरत नाहीत. म्हणून मी माझी वायर मागच्या पंख्यासमोर लटकवली.

आणखी एक नियम आहे आमच्याकडे. मापं दोघांनी घ्यायची, एकमेकांची न बघता. मी तो मावशीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, मग मीही घेते.

तिने पहिला तुकडा ओठांसमोर धरला, पलीकडे डाव्या हाताची मागची बाजू धरली आणि फुंकर घातली. डोळे मिटून. मग दुसरा. कपडेपटात अस्तरं ती अशीच निवडायची; दिव्यांच्या उजेडात तीन तास उभं राहणाऱ्या माणसाचा जीव कुठल्या अस्तरात घुसमटेल, ते तिला असंच कळायचं. सात फुंकरी झाल्यावर तिने काकांच्या कानात क्रम सांगितला. काकांनी तो तिकिटाच्या मागे लिहावा तसा एका चिठ्ठीवर लिहिला आणि खिशात टाकला.

माझी मोजमापं संपायला दुपारचे सव्वातीन झाले. मधल्या वेळात मावशी चिंध्या झटकून कॅबिनेटच्या तोंडाशी मुद्दाम कोंडा उडवत होती आणि कुठल्या कापडातून किती आत गेला, ते आतल्या बाजूला ओलं बोट फिरवून बघत होती. जाळीतून जवळजवळ सगळा गेला. ऑर्गंडीवर सगळा अडकला, आणि बोटाने झटकल्यावर पडून गेला. तिला ऑर्गंडीच हवी होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कडक राहते, चुण्या छान पडतात, धुता येते.

काकांनी चिठ्ठी काढली. मी वही उघडली. पहिली जाळी, दोघींची. शेवटचं लोकरीचं, दोघींचं. वायल, मलमल, क्रेप, पॉपलिन, त्याच क्रमाने. फक्त ऑर्गंडी तिच्या चिठ्ठीत दुसरी होती आणि माझ्या वहीत सहावी.

मी तिला हळुवारपणे सांगितलं, की बोटांना आणि ओठांना मर्यादा असतात, सातपैकी सहा जुळणं हीसुद्धा कमाल आहे, आणि आपण वायल वापरू. मी खरोखर हळुवारपणे सांगितलं. अशा वेळी मी किती असह्य होत असेन, ते मला नंतर कळतं.

मावशीने वाद घातला नाही. ऑर्गंडीचा तुकडा परत ओठांशी धरून एकदा फुंकला आणि म्हणाली, "तुझा काटा बघ, मोजपट्टी."

मी वाकून कॅबिनेटच्या मागे बघितलं. ऑर्गंडीच्या वेळची टाचणी लावताना कॅबिनेट थोडं सरकलं होतं, नंतर वायलच्या वेळी परत जागेवर आलं होतं, हे मला त्या फळकुटावरच्या धुळीतल्या खुणांवरून कळलं. मी ते मुद्दाम तसंच सरकवून पाहिलं. वायरीचं टोक हवेतून निसटलं आणि गरम पत्र्याला जाऊन टेकलं. अर्धा तास मी हवा मोजत नव्हते, पत्रा मोजत होते.

पुन्हा मोजलं. ऑर्गंडी दुसरी. प्रोसेसरचं तापमान त्रेसष्ट अंश.

मी वहीतला जुना आकडा एका रेघेने खोडला, शेजारी नवा लिहिला आणि सही केली. चिठ्ठी मागून घेतली आणि तीही वहीत चिकटवली. मावशी हसली नाही. ती कधीच अशा वेळी हसत नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. काका मात्र आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ खोकत होते.

मग तिने हिरवा झगा उसवायला घेतला. अंगठे दुखतात म्हणून उसवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी एक टाकासुद्धा ओढून तोडणार नाही, यावर तिचा विश्वास होता. पाठ पूर्ण काढली. पुढचा भाग काढून तिथे मोतिया ऑर्गंडीची उभ्या बारीक चुण्यांची पट्टी आली, टिचबटणांवर, म्हणजे आठवड्याला काढून धुता येईल. गोट तोच, काज तेच. झगा चढवून तिने कॅबिनेट फळकुटावर फिरवलं तेव्हा काका दारात आले.

"पाठ उघडी ठेवलीस?" ते म्हणाले. "या वयात?"

"शोभते त्याला," मावशी म्हणाली.

सोमवारी तिने अकराही जणींना कळवलं, की वर्ग आहे. त्यांतल्या नर्सला वेगळा फोनही केला. फी परत करते, पण उद्या एकदा बसा, मग सांगा. नर्स बरं म्हणाली.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तापमापक घेऊन कॅबिनेटच्या शेजारी उभी राहणार होते, पण मावशीने मला खोलीबाहेर काढलं. तू तिथे उभी राहिलीस की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, म्हणाली. म्हणून मी आणि काका स्वयंपाकघरात बसलो, मध्ये बंद दार. काकांनी समोर घड्याळ ठेवलं होतं. मी त्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

बाही बसवायचा पाठ होता. याच पाठाला मागच्या मंगळवारी सगळं थिजलं होतं. दाराआडून मावशीचा आवाज येत होता. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा मोठाच असतो, घाबरू नका. जास्तीचं कापड कुठे लपवायचं, हीच तर कला. पंचविसावं मिनिट. कच्चा दोरा घाला, ओढू नका, नुसता समजावा. पस्तिसावं. काकांनी साखरेचा डबा उघडला, बंद केला, उघडला. बेचाळिसावं मिनिट आलं आणि गेलं, आणि मावशी पलीकडे खांद्याच्या खुणेबद्दल बोलतच होती.

पन्नासाव्या मिनिटाला तिचा आवाज बदलला. नर्सने बाही बसवून कॅमेऱ्यासमोर धरली असावी. मागच्या तुकडीत मावशी असल्या वेळी, छान आहे, चालेल, म्हणून पुढे जायची. त्या मुलींवर आधीच चित्राचा एवढा जाच, वरून आपण काय बोलायचं, असं तिला वाटे. आज ती पुढे गेली नाही.

"उजवी बाही डावीकडे लावलीयेस," ती म्हणाली. "उसव."

नर्सने काहीतरी विचारलं. आत्ता? सगळी?

"आत्ता. सगळी. आम्ही थांबतो."

मग एकीने सांगितलं, की तिचीही तशीच झालीये. आणखी एकीने. कुणीतरी हसलं, तसं सगळ्याच हसल्या, आणि मावशी म्हणाली, चला, सगळ्या जणी बघा आपापली. त्यानंतर आवाज बंद झाला.

एक मिनिट गेलं. दोन. दाराआड काहीच नाही; ना मावशीचा आवाज, ना मुलींचा. काकांनी घड्याळ उचलून कानाशी लावलं, जणू तेच बंद पडलं असावं. चार मिनिटं. त्यांचा चेहरा उतरला.

"अडकला वाटतं परत," ते कुजबुजले.

मी उठले आणि दार बोटभर उघडलं. मावशी टेबलाशी बसली होती, हात मांडीत घेऊन, पडद्याकडे बघत. पडद्यावर अकरा चौकटी होत्या, आणि अकराही चौकटींत माना खाली घातलेल्या होत्या. नीट बघितल्यावर बोटं हलताना दिसत होती. एका चौकटीत नर्सने तोंडात टाचणी धरली होती आणि दोरा ओढून बाजूला ठेवत होती. मावशी कुणालाही घाई करत नव्हती. तिच्या खांद्यामागे ऑर्गंडीच्या चुण्या हवेने जराशा आत ओढल्या जात होत्या.

मी दार लावून घेतलं.

"नाही काका," मी म्हटलं. "उसवतायत."